सीएनजी डिस्पेन्सरची सुरक्षित रचना: नव्याने कामाला लागलेल्यांसाठी

डिप्लोमा किंवा बीई करून सीएनजीच्या कामाला लागलेली मुलं पहिल्या आठवड्यात मला एकच प्रश्न विचारतात, "सर, सुरुवात कुठून करू?" समोर डिस्पेन्सरचा, म्हणजे पंपावर गाडीत गॅस भरणाऱ्या यंत्राचा, पत्रा उघडा असतो. आत स्टीलच्या नळ्यांचं जाळं, चार-सहा व्हॉल्व्ह, एक मीटर आणि वायरींचा गुंता. मी त्यांना एक प्रश्न पाठ करायला लावतो: हा भाग आत्ता बिघडला तर गॅस कुठे जाईल? डिस्पेन्सरमधल्या प्रत्येक भागासमोर उभं राहून हा प्रश्न विचारायचा. उत्तर तुम्ही आधी ठरवून ठेवलेलं असेल तर रचना सुरक्षित आहे. ते गॅसने स्वतः ठरवायचं असेल, तर डिस्पेन्सर कितीही महागडा असला तरी सुरक्षित नाही.

पुढच्या पायऱ्या मी प्रत्यक्ष कामात ज्या क्रमाने जातो त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पायरी १ : दाब हाताने मोजल्यासारखा समजून घ्या

कारच्या टायरमध्ये साधारण २ बार दाब असतो. गाडीच्या सीएनजी सिलेंडरचा कार्यदाब २०० बार, म्हणजे त्याच्या शंभर पट. आकडा ऐकून अंगावर काटा येत नाही, म्हणून असा हिशोब करा. अंगठ्याच्या नखाची जागा साधारण १ चौरस सेंटीमीटर धरली, तर २०० बारला तिच्यावर सुमारे २०४ किलो भार येतो. दोन क्विंटल. सैल राहिलेलं एखादं प्लग किंवा फिटिंग सुटलं तर ते गोळीसारखं का जातं, हे या एका हिशोबात कळतं. चालू लाइनवर पाना लावायचा नाही, हा नियमही मग वेगळा पाठ करावा लागत नाही.

दुसरं, गॅसचा स्वभाव. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. हवेपेक्षा जवळजवळ निम्म्या वजनाचा, त्यामुळे सुटला की वर जातो. हवेत त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असतानाच तो पेटतो, त्याखाली नाही आणि त्यावर नाही. म्हणून मोकळ्या जागेत तो लवकर विरून निरुपद्रवी होतो, पण कोंडलेल्या कोपऱ्यात तोच गॅस घातक ठरतो. एलपीजी याच्या उलट, खाली बसणारा. घरच्या गॅसवरून मनात बसलेल्या कल्पना घेऊन इथे येऊ नका. इथे धोका छताशी, पत्र्याच्या वरच्या कोपऱ्यात आणि कॅनपीच्या, म्हणजे पंपावरच्या छताच्या, फॉल्स सीलिंगमध्ये असतो.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर पुढची सगळी रचना उभी आहे. पंपावरच्या कॅस्केडमध्ये, म्हणजे साठवणीच्या सिलेंडरांच्या संचात, गॅस साधारण २५० बारला साठवलेला असतो आणि गाडीला हवा असतो २०० बार. पाण्याची टाकी भरली की ओसंडते आणि आपल्याला कळतं. सिलेंडर ओसंडत नाही. तो मुकाट्याने २००, २१०, २३० असा चढत जाईल. त्याला थांबवणारी एकच गोष्ट मध्ये आहे, ती म्हणजे तुमचा डिस्पेन्सर.

पायरी २ : गॅसचा रस्ता कागदावर काढा

कॅटलॉगमधलं चित्र बघून समाधान मानू नका. स्वतः पेन्सिलने काढा. आपल्याकडच्या नेहमीच्या डिस्पेन्सरमध्ये तीन नळ्या आत येतात: लो, मीडियम आणि हाय बँकच्या, म्हणजे कॅस्केडमधल्या सिलेंडरांच्या तीन गटांच्या. गाडी आधी लो बँकमधून भरते, प्रवाह मंदावला की मीडियममधून आणि शेवटी हायमधून. प्रत्येक नळीवर क्रमाने असतं: हाताने बंद करायचा क्वार्टर-टर्न बॉल व्हॉल्व्ह, फिल्टर, विजेने उघडणारा सोलेनॉइड किंवा अॅक्च्युएटेड व्हॉल्व्ह आणि एनआरव्ही (गॅस उलटा जाऊ न देणारा व्हॉल्व्ह). पुढे तिन्ही नळ्या एकत्र येतात आणि गॅस किलोत मोजणारा मास फ्लो मीटर लागतो. मग प्रेशर ट्रान्समीटर (दाब मोजून कंट्रोलरला कळवणारा), रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब बाहेर सोडणारा), ब्रेकअवे (ओढ बसली की सुटणारा जोड), होज, थ्री-वे व्हॉल्व्ह आणि शेवटी नोझल.

आता प्रत्येक भागापाशी तीन प्रश्न: हा उघडा अडकला तर? बंद अडकला तर? वीज गेली तर?

सोलेनॉइड घ्या. तो नेहमी "वीज दिली तरच उघडतो" या प्रकारचाच हवा. कॉइल जळली, वायर तुटली, फ्यूज उडाला, काहीही झालं तरी स्प्रिंगने बंद. अॅक्च्युएटर हवेवर चालणारा असेल तर हवेचा दाब गेल्यावरही तो बंदच झाला पाहिजे. पण सोलेनॉइडच्या सीटवर कचरा अडकून तो अर्धवट उघडा राहिला तर? म्हणूनच त्याच्या आधी फिल्टर, आणि म्हणूनच पुढे आणखी एक आडकाठी लागते. एकाच व्हॉल्व्हच्या भरवशावर २५० बार सोडायचे नसतात.

फिल्टरकडे नवीन लोक दुर्लक्ष करतात. काँप्रेसरचं तेल धुक्यासारखं लाइनमध्ये येतं. गॅसमध्ये ओलावा राहिला असेल तर दाब झपकन उतरताना गॅस इतका गार होतो की त्या ओलाव्याचा बर्फ होतो आणि व्हॉल्व्ह चिकटतो. पावसाळ्यात रिकाम्या गाडीत गॅस भरताना नोझलवर पांढरं दव धरलेलं तुम्ही पाहिलं असेल. बाहेर जे दिसतं तेच आत, व्हॉल्व्हच्या सीटवर घडू शकतं. फिल्टरच्या तळाशी ड्रेन असावा, तो सहज हाताला यावा आणि त्याचं तोंड माणसाच्या चेहऱ्याकडे नसावं.

एनआरव्ही नसेल किंवा गळका असेल, तर हाय बँकचा गॅस उलटा लो बँकमध्ये शिरतो. त्याने लगेच अपघात होत नाही, पण बँकांचे दाब गडबडतात, गाड्या अर्धवट भरतात, आणि मग पंपावरचा कोणीतरी सेटिंगला हात घालतो. हा मुद्दा पुढे येणारच आहे.

पायरी ३ : थांबायचं कधी, हे दोनदा ठरवा

गाडीतल्या सिलेंडरसाठी आपल्याकडे आयएस १५४९० हे मानक आहे आणि कार्यदाब २०० बार आहे, तो १५ अंश सेल्सिअसला. तापमानाचा हा शेपटा महत्त्वाचा. निफाडची डिसेंबरातली पहाट डोळ्यासमोर आणा. सिलेंडरमधला गॅस ५ अंशांवर असताना तुम्ही त्यात बरोबर २०० बार भरले. दुपारी ती गाडी उन्हात उभी राहिली, डिकी तापली, गॅस ४० अंशांवर गेला. शाळेतल्या वायूच्या नियमानेच दाब २२५ बार होतो, आणि खरा मिथेन त्याहून वर जातो. म्हणून चांगला डिस्पेन्सर बाहेरचं तापमान मोजतो आणि थंडीत २०० च्या आधीच थांबतो.

उन्हाळ्यात उलटं होतं. वेगाने भरताना सिलेंडरमधला गॅस दाबला जाऊन तापतो. काटा २०० दाखवतो, पण तापलेला गॅस फुगलेला असल्याने किलोने कमी भरतो. साधारण ६० लिटरच्या टाकीत एरवी ९ किलोच्या आसपास जाणारा गॅस मे महिन्यात कमी बसतो. गिऱ्हाईक वैतागतं, "कालच्यापेक्षा कमी कसा?" त्याची तक्रार खरी असते. पण त्यावर उपाय म्हणून थांबण्याचा आकडा वर सरकवणं हा डिस्पेन्सरशी होणारा सगळ्यात धोकादायक खेळ आहे. मी हे होताना पाहिलं आहे, आणि करणारी माणसं वाईट नव्हती, गिऱ्हाइकाची समजूत काढून थकलेली होती. म्हणून रचनेतच सोय करा: हा आकडा पासवर्डमागे असावा, बदलला तर तारखेसह नोंद राहावी, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे सॉफ्टवेअरने तो स्वीकारूच नये.

पहिलं थांबणं हे झालं: ट्रान्समीटर दाब सांगतो, कंट्रोलर सोलेनॉइड बंद करतो. दुसरं थांबणं याच्यापासून पूर्ण स्वतंत्र हवं. ट्रान्समीटरच खोटं सांगत असेल, तर त्याच ट्रान्समीटरवर बसवलेला "हाय प्रेशर अलार्म" काय कामाचा? दुसऱ्या संरक्षणाला वेगळा सेन्सर किंवा वीज न लागणारा यांत्रिक रिलीफ व्हॉल्व्ह हवा. अमेरिकेच्या एनएफपीए ५२ या सुरक्षा मानकात वरची मर्यादा कार्यदाबाच्या सव्वापट आहे, म्हणजे आपल्या २०० बारला २५० बार. ही शेवटची भिंत आहे. रोजच्या कामात दाब तिच्या जवळपासही जाता कामा नये.

कंट्रोलरकडून आणखी दोन कामं करून घ्या. सुरुवातीला थोडासा गॅस सोडून थांबायचं आणि दाब टिकतो का ते बघायचं. टिकला नाही तर नोझल नीट बसलेलं नाही किंवा त्याची ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारं रबरी कडं, गेली आहे, भरणं सुरूच करायचं नाही. आणि भरताना प्रवाह एकदम वाढला तर, होज फुटली असं समजून, तिन्ही सोलेनॉइड बंद. मास फ्लो मीटर बिलासाठी लावलेला असला तरी तो तुमचा सगळ्यात तल्लख पहारेकरी आहे, त्याच्याकडून हे काम घ्याच.

पायरी ४ : आधी काय तुटावं, हे तुम्ही ठरवा

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक संध्याकाळ सांगतो. शहराबाहेरच्या एका पंपावर रिक्षांची मोठी रांग होती. मागच्याने हॉर्न दिला, पुढच्या रिक्षावाल्याला वाटलं झालं आपलं, आणि त्याने नोझल अडकलेलं असतानाच रिक्षा काढली. अशा वेळी होजवरचा ब्रेकअवे सुटायला हवा. तो सुटला नाही. होज ताणली, अख्खा डिस्पेन्सर पुढे झुकला, पायाचे दोन बोल्ट फरशीसकट वर आले आणि तळातून शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. फिलर, म्हणजे गॅस भरणारा माणूस, शहाणा होता. आवाज कुठून येतो ते बघायला वाकला नाही, धावत जाऊन लाल बटन दाबलं. कोणालाही इजा झाली नाही.

नंतर आम्ही ब्रेकअवे बघितला. तो बिघडलेला नव्हताच. गॅसची होज आणि तिच्या शेजारची, अडकलेला गॅस मागे नेणारी बारीक व्हेंट होज लोंबकळू नयेत म्हणून कोणीतरी दोन्हींना प्लास्टिकच्या केबल टायने बांधलं होतं, आणि त्यातले तीन टाय बरोबर ब्रेकअवेच्या जोडावरून गेले होते. नीटनेटकेपणासाठी लावलेले टाय. ब्रेकअवे ओढला गेला की दोन भागांत सुटायला मोकळा हवा, ही गोष्ट बांधणाऱ्याला कोणी सांगितलेलीच नव्हती. तेव्हापासून मी ब्रेकअवेच्या भोवती पिवळा पट्टा मारून "इथे काहीही बांधू नये" असं मराठीत आणि हिंदीत लिहून घेतो.

रचना करताना ताकदीची उतरंड लावा. सगळ्यात कमकुवत ब्रेकअवे, त्याहून मजबूत होज आणि तिची फिटिंग, त्याहून मजबूत डिस्पेन्सरचा सांगाडा आणि पाया, आणि सगळ्यात मजबूत जमिनीखालून येणारी पाइप. ओढ बसली की याच क्रमाने तुटलं पाहिजे. एनएफपीए ५२ मध्ये ब्रेकअवे सुटण्याची कमाल ओढ ६८ किलो दिली आहे, तीही गाडी ज्या ज्या दिशेने जाऊ शकते त्या सगळ्या दिशांना. सरळ ओढल्यावर सुटणारा पण तिरप्या ओढीला अडकणारा ब्रेकअवे मी नापास करतो. गाडी कधी सरळ जात नाही. पुरवठादाराला आणखी एक प्रश्न विचारा: रिकाम्या होजवर किती ओढीला सुटतो आणि २०० बार असताना किती ओढीला? काही प्रकारांत आतला दाबच सुटायला मदत करतो, त्यामुळे दोन आकडे वेगळे येतात. दोन्ही चालणारे असले पाहिजेत.

सुटल्यावर दोन्ही तोंडं आपोआप बंद व्हायला हवीत. डिस्पेन्सरकडचं तोंड उघडं राहिलं तर ब्रेकअवे असून नसल्यासारखा. होजकडचं उघडं राहिलं तर दाबाने भरलेली होज सापासारखी फणा काढून आपटते, आणि तिच्या टप्प्यात फिलरचा चेहरा असतो.

होजची लांबी गरजेपुरतीच ठेवा. जमिनीला टेकलेली होज गाड्यांच्या चाकाखाली येते, आणि चाकाखाली आलेली होज बाहेरून साबूत दिसते तेव्हाही आतून गेलेली असू शकते. होजला वळणाची किमान त्रिज्या दिलेली असते. नोझलच्या मागेच तिला काटकोनात मोडायची सवय फिलरला लागते, कारण होल्डर चुकीच्या उंचीवर लावलेला असतो. होल्डर खांद्याच्या खाली, कोपराच्या उंचीवर घ्या. दिवसातून दोन-तीनशे वेळा उचलायची गोष्ट आहे ती.

नोझलबद्दल थोडक्यात. आपल्या रिक्षा-कारना बहुतेक ठिकाणी एनझेडएस (न्यूझीलंडच्या मानकाच्या) प्रकारचा प्रोब, म्हणजे गाडीत घुसणारं नोझलचं टोक, चालतो; त्याच्यावरच्या ओ-रिंग दाबाच्या चढउताराने फुगून चिरतात, म्हणून त्या दाब एकदम उतरला तरी न फाटणाऱ्या रबराच्या घ्या आणि बदलायचा दिवस ठरवून ठेवा. जास्त दाबाचं नोझल कमी दाबाच्या गाडीत बसूच नये, हे तत्त्व आयएसओ १४४६९ या जोडणीच्या मानकात आकारातच बसवलेलं आहे. बसला वेगळं नोझल आणि कारला वेगळं असेल, तर मध्ये जुगाडाचा अॅडॉप्टर पंपावर सापडता कामा नये.

कंपनीतून सीएनजी बसवून आलेल्या बऱ्याच कारमध्ये गॅसचं झाकण उघडं असताना गाडी सुरूच होत नाही. पण रिक्षा आणि बाहेरून किट बसवलेल्या गाड्यांमध्ये त्यावर विसंबता येत नाही. डिस्पेन्सरची रचना त्यांच्यासाठी करायची.

पायरी ५ : सुटणारा गॅस वर न्या

भरून झालं की नोझल आणि गाडी यांच्यामध्ये थोडा गॅस २०० बारला अडकलेला असतो. तो काढल्याशिवाय नोझल निघत नाही, निघूही नये. थ्री-वे व्हॉल्व्ह फिरवला की तो व्हेंट होजमधून मागे जातो. "फुस्स" असा छोटा आवाज येतो. अनुभवी फिलर डिस्प्लेकडे बघत नाही, हा आवाज ऐकतो आणि मगच नोझल ओढतो. तुम्ही नवीन फिलर शिकवत असाल तर हेच शिकवा. आणि हा आवाज आला नाही तर थांबायचं, जोर लावायचा नाही.

व्हेंट होजमधला हा गॅस आणि रिलीफ व्हॉल्व्हमधून सुटलेला गॅस पत्र्याच्या आत सोडू नका. ऐकायला हे उघड वाटतं, पण रिलीफ व्हॉल्व्हचं तोंड कॅबिनेटमध्येच मोकळं ठेवलेले डिस्पेन्सर मी उघडले आहेत. दोन्हींच्या नळ्या वेगवेगळ्या वर न्या. एकत्र केल्या तर एकाचा उलटा दाब दुसऱ्याच्या कामात येतो. वरचं टोक कॅनपीच्या खाली संपवू नका. कॅनपीला फॉल्स सीलिंग असेल तर तिथे मिथेन साठण्याची आयती पोकळी आणि त्याच पोकळीत दिव्यांच्या वायरी.

कोकणात आणि मुंबईत पावसाचं पाणी व्हेंटच्या नळीत शिरतं. वर टोपी हवी, पण गॅसला खाली ढकलणारी नको. तळाला पाणी निघायला बारीक भोक ठेवा आणि ते चिखलाने बुजलं नाही ना ते बघत राहा.

पायरी ६ : वीज आणि गॅस यांच्यामध्ये भिंत घाला

मिथेनचं मिश्रण पेटायला १ मिलिज्यूलच्या तिसऱ्या भागाहूनही कमी ऊर्जा पुरते. कोरड्या हवेत दाराच्या कडीला हात लागल्यावर बसणारा चटका यापेक्षा मोठा असतो. म्हणून डिस्पेन्सरच्या आत आणि आसपास जागेचं झोन १ (नेहमीच्या कामातही पेटणारं मिश्रण होऊ शकतं अशी जागा), झोन २ (ते क्वचितच होतं अशी जागा) असं वर्गीकरण करतात, आणि त्या झोनमध्ये चालणारीच उपकरणं लावतात. मानकांची मालिका आयएस/आयईसी ६००७९. मिथेनचा गट आयआयए. सोलेनॉइडची कॉइल फ्लेमप्रूफ (आतली आग बाहेर न जाऊ देणारी), ट्रान्समीटरची वायर विजेची ऊर्जा मर्यादित ठेवणाऱ्या बॅरियरमधून, असं ठरवताना प्रत्येक वस्तूचं प्रमाणपत्र हातात घेऊन वाचा. कॅटलॉगवर छापलेलं चिन्ह पुरत नाही.

प्रमाणित खोकं प्रमाणित राहतं ते त्याच्या ग्लँडमुळे, म्हणजे केबल आत जाते तिथल्या घट्ट जोडामुळे. फ्लेमप्रूफ जंक्शन बॉक्सला साधा ग्लँड लावला, किंवा एक भोक रिकामं सोडून त्यावर टेप चिकटवली, की ते प्रमाणपत्र रद्दी. झाकणाच्या सगळ्या बोल्टपैकी एक नाही, म्हणून चालत नाही.

डिस्प्ले आणि कंट्रोलरचा कप्पा गॅसच्या कप्प्यापासून वायुबंद पडद्याने वेगळा करा. गॅसच्या कप्प्याला खाली आणि वर जाळ्या हव्यात. खालून हवा आत, वरून मिथेन बाहेर. वरची जाळी धूळ येते म्हणून कोणी पत्रा लावून बंद केली असेल तर ती पहिल्यांदा उघडा. आत गॅस डिटेक्टर लावणार असाल तर तो छताशी लावा, तळाशी नाही. पेटण्याची खालची मर्यादा ५ टक्के, म्हणून तिच्या २० टक्क्यांवर, म्हणजे हवेत १ टक्का मिथेन झाल्यावर, अलार्म लावण्याची पद्धत आहे. त्याच्या पुढे गेला तर वीज आणि गॅस दोन्ही तोडा.

अर्थिंग दोन स्वतंत्र जोडांनी. आणि होज वीजवाहक प्रकारचीच हवी, म्हणजे नोझलपासून डिस्पेन्सरच्या सांगाड्यापर्यंत आणि तिथून जमिनीपर्यंत अखंड वाट राहते. नवीन होज बसवली की मीटर लावून ही वाट मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.

पायरी ७ : नळ्या आणि जोड

आत नळ्या एसएस ३१६ च्या, बिनजोड. समुद्राकाठी तर यात तडजोड करूच नका, खाऱ्या हवेत ३०४ ला बारीक खड्डे पडायला लागतात, तेही प्लास्टिकच्या क्लँपखाली, जिथे ओल राहते आणि नजर जात नाही. जोड दुहेरी फेरूलचे, म्हणजे नळीवर आवळून बसणाऱ्या दोन कड्यांचे. एका कंपनीचं नट आणि दुसऱ्या कंपनीचं फेरूल कधीही जोडू नका, माप जुळल्यासारखं दिसलं तरी. नेहमीच्या मापांना पहिल्यांदा बसवताना हाताने घट्ट केल्यावर सव्वा फेरा पाना फिरवायचा, नटावर पेनने खूण करून. मग नट पुरेसं आवळलंय का ते दाखवणारं गॅप गेज लावून खात्री करायची. पुन्हा उघडून बसवताना सव्वा फेरा नसतो, आधीच्या खुणेपर्यंत आणून थोडं घट्ट करायचं असतं. ही चूक नव्या माणसाकडून हमखास होते.

नळी जबरदस्तीने जोडात ओढून बसवू नका. सैल ठेवल्यावर ती आपसूक जोडासमोर आली पाहिजे.

पायरी ८ : जागा आणि माणूस

डिस्पेन्सर उंच कट्ट्यावर, कोपऱ्यांना लोखंडी खांब. प्रत्येक इनलेटचा बॉल व्हॉल्व्ह बाहेरून हाताला लागेल असा, कुलूप न उघडता. लाल ईएसडी बटन (आणीबाणीत सगळं बंद करणारं) एक डिस्पेन्सरवर आणि एक लांब, पळण्याच्या वाटेवर. आग डिस्पेन्सरवर लागली तर त्याच्यावरचं बटन दाबायला कोणी जाणार नाही. बटन दाबलं की काँप्रेसर थांबला पाहिजे, बँकांचे व्हॉल्व्ह बंद झाले पाहिजेत, डिस्पेन्सरची वीज तुटली पाहिजे. आणि बटन वर ओढल्यावर काहीही आपोआप सुरू होता कामा नये, सुरू करणाऱ्याने आधी जाऊन बघावं म्हणून.

डिस्प्ले भर दुपारच्या उन्हात वाचता आला पाहिजे. शून्य दिसलं का, हे गिऱ्हाइकाने आणि फिलरने दोघांनी बघायचं असतं. प्रवासी गाडीतून खाली उतरवायचे, सिलेंडरची पाटी आणि हायड्रोटेस्टची (पाण्याच्या दाबाने सिलेंडर तपासल्याची) तारीख बघायची, ही कामं फिलरची. त्यासाठी त्याला उभं राहायला सावली आणि दोन गाड्यांमध्ये मोकळी जागा हवी. नकाशा काढतानाच ती द्या.

पायरी ९ : पहिली गाडी भरण्याआधी

कागदपत्रांचं एका परिच्छेदात सांगतो. सीएनजी स्टेशनसाठी ओआयएसडी-१७९ हे आपलं मुख्य सुरक्षा मानक आहे. परवानग्या पेसो या केंद्र सरकारच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेकडून, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात. सिलेंडर आणि कॅस्केड गॅस सिलेंडर नियम २०१६ खाली येतात. किलोचं माप वैधमापन शास्त्र विभाग तपासतो आणि सील लावतो, ते सील तोडून आतली दुरुस्ती करायची नाही. आंतरराष्ट्रीय आयएसओ १६९२३ मुद्दाम वाचा, स्टेशनची रचना नीट समजते.

आता चाचणी. नळ्यांची ताकद आधी पाण्याच्या दाबाने तपासून, वाळवून घ्या. ओलावा राहिला तर तो पुढे व्हॉल्व्हमध्ये भेटतोच. मग नायट्रोजनने गळतीची चाचणी, टप्प्याटप्प्याने दाब वाढवत, प्रत्येक टप्प्यावर थांबून. दाब वाढत असताना कोणीही जवळ उभं राहायचं नाही. थांबल्यावरच साबणाच्या पाण्याचा ब्रश घेऊन प्रत्येक जोड. फेस येतो तो नेहमी मोठ्या बुडबुड्यांचा नसतो. बारीक गळतीला जोडाच्या कडेने पांढरा, मलईसारखा थर हळूहळू जमतो, तो दिसायला मिनिटभर थांबावं लागतं. टॉर्च जवळ ठेवा. गळती सापडली तर दाब पूर्ण उतरवा आणि मगच पाना लावा.

गॅस सोडण्याआधी आतली हवा नायट्रोजनने हाकलून द्या, म्हणजे हवा आणि मिथेन एकत्र दाबले जाण्याचा प्रसंगच येत नाही.

मग बिघाड मुद्दाम घडवा. भरणं चालू असताना वीज तोडा, तिन्ही सोलेनॉइड बंद झाले का बघा. ट्रान्समीटरची वायर काढा, कंट्रोलरने भरणं नाकारलं पाहिजे, शून्य दाब समजून जोरात भरायला लागता कामा नये. लांबचं ईएसडी बटन दाबा. ब्रेकअवेला स्प्रिंग काटा लावून सरळ, डावीकडे आणि उजवीकडे ओढून बघा, किती किलोला सुटला ते तिन्ही वेळा वहीत लिहा. ही चाचणी होज रिकामी करूनच. शेवटी एक गाडी भरा, पण काट्याकडे बघत स्वतः उभं राहा, त्या वेळच्या तापमानाला ठरलेल्या दाबाला थांबतो का ते डिस्प्लेवर नाही तर वेगळ्या तपासलेल्या गेजवर बघा. दोन्ही आकडे, तापमान आणि तारीख वहीत लिहा, फिलरची सही घ्या, आणि वही डिस्पेन्सरच्या केबिनमध्ये खिळ्याला अडकवून ठेवा. सहा महिन्यांनी कोणी "हा नेहमी असाच करतो" म्हणालं, तर ती उघडून दाखवता येते.